रंग सर्वांत शेवटी
पुराचे पाणी शिरलेली इमारत पुन्हा राहण्याजोगी कशी करावी



पावसाळा तोंडावर आला आहे. दर वर्षी या दिवसांत आमच्या कार्यालयाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "पूर आला तर आम्ही काय पाठवू?" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मला एका चुकीची कबुली द्यायची आहे. ती चूक आमची होती, आणि तिच्यासाठी पैसे तुमचे खर्च झाले.

२०२१ च्या जुलै महिन्यातला पूर अनेकांना आठवत असेल. २२ जुलैच्या सुमारास कोकणात जो पाऊस कोसळला, त्यात वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये आणि सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले. त्याच पट्ट्यात, एका लहान नदीच्या वळणावर, कातकरी मुलामुलींचे आमचे वसतिगृह आहे. तळमजल्यावर साडेचार फूट पाणी चढले. कोरोनामुळे मुले आपापल्या वाडीवर होती. ती इथे नव्हती ही देवाची कृपाच.

तुम्ही भरभरून मदत केलीत. आम्ही गाळ काढला, फरशा धुतल्या. ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या शाळा उघडणार असे जाहीर झाले आणि आमची घाई सुरू झाली. मुले येतील तेव्हा सगळे चकचकीत दिसले पाहिजे, देणगीदारांना छान फोटो पाठवले पाहिजेत, असे वाटले. सप्टेंबरच्या अखेरीस तळमजल्याला प्लास्टिक पेंटचे दोन हात मारून झाले. फोटो खरोखरच छान आले.

दिवाळीपर्यंत त्या रंगाला फुगे आले. मुलांच्या पेट्या भिंतीपासून ओढल्या तर मागे काळे-हिरवे चट्टे. खालच्या खोलीतली मुले रात्रभर खोकू लागली. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "सर, भिंतीला हात लावून बघा, अजून थंडगार आहे." भिंत आतून ओलीच होती. आम्ही तिच्यावर रंगाचा रेनकोट चढवला होता.

मग आपल्याच मंडळीतले एक निवृत्त स्थापत्य अभियंता आले. पाण्याने बिघडलेल्या इमारती दुरुस्त करण्यात त्यांची बरीच वर्षे गेली आहेत. त्यांनी आम्हाला जे शिकवले आणि पुढे मी स्वतः जे वाचले, पाहिले, ते इथे सोप्या शब्दांत मांडतो. आपापल्या गावचे उपासना मंदिर, शाळा, बालवाडी किंवा घर यांच्यासाठीही ते उपयोगी पडेल.

आत पाऊल टाकण्याआधी

पाणी ओसरले की सर्वांची पहिली धाव आत असते, आणि अपघात बहुधा तेव्हाच होतात. आधी बाहेरून इमारतीला एक फेरी मारावी. जोत्याखालची माती वाहून पाया उघडा पडला आहे का? भिंत बाहेर फुगली आहे का? दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा गेल्या आहेत का? काल बसणारे दार आज अडते का? यांपैकी काही दिसले तर जाणकाराने पाहीपर्यंत कोणीही आत जाऊ नये. मातीच्या भिंती तर पाणी असताना उभ्या राहतात आणि ओसरल्यावर पडतात. पाण्याचा आधार जातो आणि भिजलेल्या मातीला स्वतःचेच वजन पेलत नाही. पाणी उतरल्यानंतर काही दिवस अशा भिंतीजवळ झोपू नये.

भेग जुनी की नवी, वाढते की थांबली, हे ओळखण्याची साधी रीत आहे. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी. भेगेवर आडवी एक पातळ काचेची पट्टी सिमेंटने चिकटवावी. भिंत हलत असेल तर काच तडकते.

दुसरी गोष्ट विजेची. मेन स्विचपर्यंत कोरड्या जागेतून पोहोचता येत असेल तरच तो बंद करावा. पाण्यात किंवा ओल्या गाळात उभे राहून त्याला हात लावू नये. मीटरपेटी बुडाली असेल तर महावितरणकडून बाहेरूनच पुरवठा तोडून घ्यावा. खांबावरची वीज गेली म्हणून निर्धास्त राहू नये. इन्व्हर्टरच्या बॅटरीत वीज असते आणि छतावरचे सौर पॅनेल दिवसभर वीज तयार करतच असतात. आमच्या इथे दुसऱ्याच दिवशी एका स्वयंसेवक मुलाने वीज आली म्हणून पाण्याच्या मोटरीचे बटण दाबले. त्याचे पाय गाळात होते. तो दोन हात मागे फेकला गेला. त्याचा जीव वाचला, पण 'मेन बंद, फ्यूज खिशात' हा नियम आधी न सांगितल्याचा दोष माझा होता.

तिसरी गोष्ट गॅसची. सिलिंडर बुडाला असेल तर रेग्युलेटर आणि नळी बदलावी. गळतीचा वास येत असेल तर काडी ओढू नये, बटणही दाबू नये. चौथी गोष्ट सापाविंचवांची. पुरातून जीव वाचवून आलेले हे प्राणी पेट्यांमागे, लाकडांच्या ढिगात, चपलांतही बसतात. आधी काठी, मग हात.

हे पाणी साधे नव्हे

अमेरिकेतील आयआयसीआरसी या संस्थेचे 'एस-५००' नावाचे मानक या व्यवसायातले लोक जगभर वापरतात. त्यात इमारतीत शिरलेल्या पाण्याच्या तीन प्रती केल्या आहेत : नळ फुटून आलेले स्वच्छ पाणी, धुण्या-भांड्यांचे मध्यम दूषित पाणी, आणि अत्यंत दूषित पाणी. नदीच्या पुराचे पाणी या तिसऱ्या प्रतीत येते. त्यात संडासाच्या टाक्या, गोठे, मेलेली जनावरे, शेतातली औषधे असे सगळे मिसळलेले असते.

म्हणून गाळ काढणाऱ्यांना गमबूट, रबरी हातमोजे आणि मास्क हवेतच. पायाला जखम असलेल्याने गाळात उतरू नये. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, हे विसरून चालणार नाही. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात आलेले जंतू जखमेतून शरीरात शिरतात. गाळात काम करणाऱ्या प्रत्येकाने प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिबंधक गोळ्या आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांबद्दल विचारावे. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर "मी पुराच्या पाण्यात काम केले" हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

आणि झाडू हातात घेण्याआधी फोटो काढावेत : प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे, भिजलेल्या सामानाचे. पंचनामा आणि विमा या दोन्हींसाठी ते लागतात. स्वच्छ करून झाल्यावर नुकसान दाखवता येत नाही.

काय ठेवावे, काय टाकावे

गाळ ओला असतानाच काढावा. वाळला की तो सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि झाडताना त्याची धूळ छातीत जाते. फावड्याने जाड थर काढावा, मग वरून खाली पाण्याने धुवावे आणि वायपरने बाहेर लोटावे. यानंतर साबणाच्या पाण्याने घासावे आणि सर्वांत शेवटी जंतुनाशक वापरावे. हा क्रम उलटा केला तर ब्लीचिंग पावडर गाळावरच खर्ची पडते. फरशीसाठी १ लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

सामानाबाबत मनावर दगड ठेवावा लागतो. भांडी, लोखंडी पलंग, प्लास्टिक, फरशी, काच यांच्या आत पाणी मुरत नाही. ती धुऊन, निर्जंतुक करून वापरता येतात. कापसाच्या गाद्या, उशा, सतरंज्यांचे जाड थर, प्लायवूडची आणि भुशाच्या फळ्यांची कपाटे टाकावी लागतात. आमच्या जुन्या गाद्या उन्हात वाळवून पुन्हा वापराव्यात असे आम्हालाही वाटले होते. पण तिसऱ्या प्रतीचे पाणी कापसाच्या पोटात गेले की वरचे ऊन तिथे पोहोचत नाही. सागाचे आणि इतर भरीव लाकूड मात्र वाचते. ते सावलीत, खाली ठोकळे ठेवून सावकाश वाळवावे.

छपरावर सिमेंटचे पत्रे असतील आणि ते फुटले असतील तर विशेष जपावे. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते कोरडे असताना कापू, फोडू, झाडू नयेत. पाणी शिंपडून अख्खे तुकडे उचलावेत.

खरे काम : वाळवणे

आता मुख्य गोष्ट. समईची वात जसे तेल वर ओढते, तशी विटेची भिंत पाणी वर ओढते. आमच्याकडे पुराची रेघ साडेचार फुटांवर होती, पण ओल तिच्याही वर चढली होती. भिंतीचा पृष्ठभाग चार दिवसांत कोरडा दिसतो. गाभ्यातले पाणी मात्र हळूहळू बाहेर येते. जाणकार ढोबळ हिशेब असा सांगतात : एक इंच जाडीला साधारण एक महिना, तोही हवा कोरडी असेल तर. आमची भिंत नऊ इंचांची. ती दोन्ही बाजूंनी वाळते असे धरले तरी चार-पाच महिने झाले.

"हवा कोरडी असेल तर" हे शब्द आम्ही ध्यानात घेतले नव्हते. जुलै ते सप्टेंबर कोकणातली हवा स्वतःच पाण्याने जड असते. अशा हवेत ओले कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, तर भिंत कशी वाळणार? पाऊस परततो ऑक्टोबरच्या सुमारास. भिंत वाळायला खरी सुरुवात व्हायची होती, नेमक्या त्याच वेळी आम्ही तिची छिद्रे रंगाने बुजवली.

मग करायचे काय? बाहेर पाऊस असताना खिडक्या सताड उघड्या ठेवून फायदा नाही. उघाड मिळाली, ऊन पडले की समोरासमोरच्या खिडक्या-दारे उघडावीत. वायरमनने वीज सुरक्षित असल्याचे सांगितल्यानंतर एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावावा, म्हणजे आतली दमट हवा बाहेर फेकली जाते. पेट्या, कपाटे भिंतीपासून फूटभर दूर ठेवावीत. फुगलेला, ठोकल्यावर बद्द आवाज देणारा गिलावा पुराच्या रेघेच्या वर फूट-दीड फुटापर्यंत काढून टाकावा. विटा उघड्या पडल्या की त्या मोकळा श्वास घेतात. शहरांत हवेतला ओलावा शोषणारी यंत्रे भाड्याने मिळतात. ती खोली बंद करूनच चालवायची असतात.

घाईने उष्णता देऊ नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून भिंत वाळवणे जिवावर बेतू शकते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटरही नेहमी बाहेर, खिडक्यांपासून दूर ठेवावा. शिवाय फार जलद वाळवले तर लाकूड तडकते आणि गिलाव्याला भेगा जातात.

सावकाश वाळवण्याचे महत्त्व सांगणारे एक उदाहरण चर्चच्या इतिहासातलेच आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर शिरला. सांता क्रोचे चर्चच्या परिसरात लाकडी फळ्यांवर रंगवलेले जॉर्जिओ वसारी या चित्रकाराचे 'शेवटचे भोजन' हे मोठे चित्र होते. ते बारा तासांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले. तिथल्या तज्ज्ञांनी भिजलेली लाकडी चित्रे उन्हात ठेवली नाहीत. दमट हवेच्या खोलीत ठेवून त्या खोलीतला ओलावा ते हळूहळू कमी करत गेले, कारण लाकूड एकदम आकसले असते तर रंग गळून पडला असता. वसारीचे ते चित्र दुरुस्त होऊन पुन्हा आपल्या जागी आले ते २०१६ मध्ये, पन्नास वर्षांनी. आपल्याला इतके थांबायचे नाही, पण आठ महिने थांबायला हरकत नसावी.

वाळली हे ओळखावे कसे?

हाताला कोरडी लागते म्हणून भिंत वाळली असे समजू नये. दोन टोकदार पिना असलेले ओलावा मोजण्याचे लहान मीटर मिळते. आमच्या अभियंत्यांनी एक युक्ती शिकवली. विटेच्या भिंतीत मीटरवरच्या नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, तुलनेला असतो. पाणी जिथे पोहोचलेच नाही अशा वरच्या मजल्यावरच्या तशाच भिंतीवर मीटर लावायचे आणि तो आकडा वहीत लिहायचा. खालची भिंत त्या आकड्याजवळ आली की वाळली. दर आठवड्याला त्याच जागी मोजून तारखेसह नोंद करायची. लाकडात मात्र आकडा कामाचा असतो. ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असला की लाकूड कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही.

मीटर नसेल तर जाड पारदर्शक प्लास्टिकचा हात-दीड हाताचा चौकोन चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर किंवा फरशीवर बसवावा. दुसऱ्या दिवशी आतून दवबिंदू दिसले किंवा खालची जागा काळवंडली, तर आत पाणी आहे. तेव्हा थांबावे.

बुरशी

ओल, अन्न आणि थोडी ऊब मिळाली की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते. धूळ, लाकूड, कागद, जुना रंग हे सगळे तिचे अन्न. तिच्या बारीक कणांनी दम्याच्या माणसाला आणि लहान मुलांना त्रास होतो. म्हणून ती कोरडी असताना झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने, साबणाच्या पाण्याने घासून काढावी. त्या वेळी एन-९५ मास्क लावावा आणि मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नये. नुसते ब्लीच मारले की डाग पांढरा होतो आणि बुरशी गेली असे वाटते. पण गिलाव्यात आणि लाकडात तिचे धागे खोल असतात. तसा गिलावा खरवडून फेकणे हाच इलाज. ओल राहिली तर ती पुन्हा येणारच.

हे वाचताना काहींना लेवीय पुस्तकाचा १४ वा अध्याय आठवला असेल. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर काय करावे, याची रीतच तिथे दिली आहे. याजकाने पाहण्याआधी घर रिकामे करायचे. मग घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा पाहायचे. चट्टा पसरला असेल तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, आतून भिंती खरवडायच्या, नवे दगड व नवा गिलावा लावायचा. त्यानंतरही याजक पुन्हा पाहायला येतो. ईश्वरविज्ञानाच्या वर्गात मी हा अध्याय परीक्षेपुरता वाचला होता. पेट्यांमागचे चट्टे पाहिल्यावर तो मला नव्याने कळला. रिकामे करा, पाहा, थांबा, काढा, पुन्हा पाहा : आजचा जाणकारही याच क्रमाने जातो.

दुरुस्ती आणि रंग

विजेचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी वाळवून वापरू नयेत, ते बदलावेत. वायर 'मेगर' या यंत्राने तपासून घ्यावी. अर्थिंग नव्याने तपासावे आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे आरसीसीबी बसवावे. मुलांच्या वसतिगृहात त्यावर काटकसर नको. सगळे बोर्ड पुराच्या रेघेच्या वर घ्यावेत.

भिंत वाळू लागली की तिच्यावर पांढरी पूड येते. तिला आपण लोणा म्हणतो. पाण्याबरोबर आलेले क्षार पाणी उडून गेल्यावर मागे राहतात. ही वाळत असल्याची खूण आहे. ती पाण्याने धुतली तर क्षार पुन्हा आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून टाकावी. लोणा येणे थांबले आणि मीटरही बरोबर दाखवू लागले की गिलावा करावा. रंगही असा निवडावा की भिंतीचा उरलासुरला ओलावा बाहेर पडू शकेल. त्यासाठी चुन्याची सफेदी उत्तम आणि स्वस्तही. ऑइल पेंट व प्लास्टिक पेंट पहिले वर्षभर तरी लावू नयेत.

वाडीवरच्या घरांबद्दल वेगळे सांगायला हवे. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम गटांपैकी एक. त्यांची बरीच घरे कुडाची, म्हणजे कारवीच्या काड्यांवर माती-शेणाचा लेप दिलेली. पुरानंतर चांगल्या हेतूने अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा करून दिला जातो. मातीला सिमेंट धरत नाही. आतली ओल कोंडते, काड्या कुजतात आणि पुढच्या पावसात गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. कुडाची भिंत त्याच मातीने, भाताचा पेंढा व शेण मिसळून दुरुस्त करावी. खर्च करायचा तर दगडी जोते उंच करण्यावर आणि जमिनीत कुजलेल्या मेढी बदलण्यावर करावा. या कामात वाडीवरच्या बायांना आमच्यापेक्षा जास्त समजते. आम्ही सामान पुरवावे आणि त्या सांगतील तसे करावे.

कागद

पुरात हरवलेला जातीचा दाखला पुन्हा मिळवायला आदिवासी कुटुंबाला किती खेटे घालावे लागतात, हे आपणांस माहीत आहे. शाळा सोडल्याचे दाखले, रेशन कार्डे, मंडळीची बाप्तिस्म्याची नोंदवही भिजली तर पाने ओढून सुटी करू नयेत. त्या दिवशी जमेल तेवढीच कागदपत्रे वाऱ्याखाली, टिपकागद घालून सावलीत वाळवावीत. उरलेली प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून गोठवावीत. फ्रीझर नसेल तर जवळच्या आइस्क्रीमवाल्याला किंवा मासळीच्या शीतगृहात विनंती करावी. गोठल्यावर बुरशी वाढत नाही. मग सवडीने थोडी थोडी काढून वाळवता येतात. त्याहून सोपे म्हणजे मेअखेरीस सर्व कागद झाकणाच्या प्लास्टिक डब्यात घालून वरच्या मजल्यावर ठेवावेत.

आम्ही पुन्हा काय केले

जानेवारी २०२२ मध्ये आम्ही तळमजल्याचा नवा रंग आणि त्याखालचा गिलावा पाच फुटांपर्यंत खरवडून काढला. मुलांना वरच्या मजल्यावर दाटीवाटीने झोपवले. दर शनिवारी नववीतल्या दोघी मुली मीटर लावून वहीत आकडे लिहीत. मार्चअखेरीस खालच्या भिंतीचा आकडा वरच्या भिंतीजवळ आला. एप्रिलमध्ये गिलावा केला आणि मेअखेरीस चुना दिला. जूनमध्ये मुले खाली आली. खोकला थांबला. पहिल्या रंगावर झालेला खर्च मात्र वाया गेला आणि त्याबद्दल तुमची क्षमा मागणे मला भाग आहे.

उत्पत्तीच्या ८ व्या अध्यायात नोहा तारवाचे आच्छादन काढून पाहतो तेव्हा जमीन वरून कोरडी दिसते. तरीही तो लगेच उतरत नाही. जमीन पूर्ण वाळून देवाची आज्ञा होईपर्यंत जवळजवळ दोन महिने तो आतच थांबतो. आम्ही चार दिवसही थांबायला तयार नव्हतो.

तुमच्याकडून काय हवे

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. पूर आला तर जुन्या गाद्या आणि कपडे पाठवू नका. ते वाळवायला आणि ठेवायला आमच्याकडे कोरडी जागा नसते. पहिल्या आठवड्यात गमबूट, जाड हातमोजे, एन-९५ मास्क, वायपर, ताडपत्री आणि ब्लीचिंग पावडर लागते. तुमच्या मंडळीत वायरमन, गवंडी, अभियंता असतील तर त्यांचे दोन दिवस आम्हाला द्या. पैसे पाठवाल तर त्यांतला निम्मा भाग "भिंती वाळल्यावर खर्च करा" असे लिहून पाठवा. म्हणजे घाई करण्याचा मोह आम्हाला होणार नाही. पुरानंतरच्या सहा महिन्यांत आमच्याकडून उघड्या विटांचे, कुरूप फोटो आले तर निराश होऊ नका. काम चालू आहे असे समजा.

ओलावा मोजण्याचे मीटर आणि आकड्यांची ती वही वसतिगृहाच्या कपाटात ठेवली आहे. कोणत्याही मंडळीला किंवा शाळेला गरज पडली तर जरूर मागून न्या. वापरून झाल्यावर परत आणून द्या, कारण पावसाळा दर वर्षी येतो.